कालच बांधून ठेवलेली आवळी

झाड ओळखता न येणं हा काही गुन्हा नाही. कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात तसं लिहिलेलं नाही, आमच्या शेजारच्या वकिलांना मी मुद्दाम विचारून घेतलं आहे. तरी आमच्या घरात गेली पन्नास वर्षं मी त्याची शिक्षा भोगते आहे. लग्न असो, बारसं असो, चार नातेवाईक जमले आणि कोणाच्या तोंडून नुसता 'झाड' हा शब्द निघाला, की सगळे एकदम माझ्याकडे बघतात आणि पदरात, रुमालात, चहाच्या बशीत (ज्याला जे सापडेल त्यात) तोंड खुपसून हसतात. म्हणून आज मी माझी बाजू लिहून काढते आहे. वाचा आणि तुम्हीच सांगा, चूक कोणाची!

आमच्या सासूबाईंचा एक नेम होता. कार्तिकात एक दिवस आवळीखाली बसून जेवायचं. आवळीभोजन म्हणजे काय, हे आताच्या मुलींना सांगावं लागतं. आवळ्याच्या झाडाची पूजा करायची, त्याला सूत गुंडाळायचं, प्रदक्षिणा घालायच्या आणि त्याच सावलीत पंगत मांडायची. जेवताना झाडाचं पान ताटात पडलं तर वर्ष सुखाचं जातं म्हणतात. सासूबाईंनी हा नेम तीस वर्षं चालवला होता, एकदाही मोडला नव्हता. त्या दिवशी आवळीखाली पहिला घास घेईपर्यंत पोटात चहाचा थेंबसुद्धा नाही. एका वर्षी तापाने फणफणल्या होत्या, तर म्हणे त्यांना खाटेसकट आवळीखाली नेऊन ठेवलं होतं. अशी बाई!

आणि हा नेम पार पडायचा कुठे? खापरखेड्याला! मोठे भाऊजी तिथल्या वीजघरात नोकरीला होते. त्यांच्या क्वार्टरच्या मागे एक आवळीचं झाड होतं. म्हणजे एवढं मोठं नागपूर शहर सोडून आम्ही डबे, पोरं, सासूबाई सगळं बसमध्ये कोंबायचं आणि जाऊबाईंच्या अंगणात जाऊन जेवायचं. जाऊबाईंबद्दल मी वाईट लिहिणार नाही. (लिहायला बसले तर वही पुरायची नाही.) पण दरवर्षी वाढताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं.

"खाय वं विमल, पोटभर खाय. शहरात कुठं भेटते तुमाले अशी सावली?"

आणि वरून वीजघराच्या चिमणीची राख! वरणावर राख, भातावर राख, कढीवर तर साय धरल्यासारखी राख. एका वर्षी माझा संयम सुटला.

"जाऊबाई," मी म्हटलं, "पुढच्या वर्षी तुम्ही आमच्याकडे या. नागपुरात काय आवळ्या नाहीत? तलावाकाठी एवढी मोठी बाग आहे, सगळं शहर जातं. आईंचं आवळीभोजन मी करते. तुम्ही नुसते हात हलवत या. खापरखेड्याचं काही म्हणजे काही आणू नका, नागपुरात सगळं मिळतं!"

जाऊबाईंनी वाढायचा डाव थांबवला.

"आईचा नेम आहे बरं, विमल. तीस वर्षांचा."

"माहीत आहे मला."

"आवळी ओळखता येते न तुले?"

अंगणात बारा माणसं जेवत होती. त्या बाराही माणसांसमोर हा प्रश्न! मी म्हटलं, "मी काय दूधखुळी आहे?"

झालं. तीस वर्षांचा नेम आणि माझं नाक, दोन्ही एका झाडाला टांगले गेले.

आता खरं सांगते. नागपुरातल्या इतवारीत माझं माहेर. इतवारीत झाडं नसतात, दुकानं असतात. तुरीची डाळ कोणत्या गावची आहे ते मी डोळे मिटून नुसत्या बोटांनी सांगेन, पण झाड म्हटलं की हिरवं असतं एवढंच मला ठाऊक. "पण तुम्ही दरवर्षी आवळीखाली बसत होता ना?" असं तुम्ही विचाराल. बसत होते! खाली बघून! ताटात राख किती पडली ते बघत! वर बघायला सवड कोणाला होती?

तर पुढच्या कार्तिकातला रविवार ठरला. त्या दिवशी निम्मं नागपूर बागेत लोटतं, म्हणून मी शनिवारीच झाड धरून ठेवायला निघाले. बरोबर आमची चिमी, म्हणजे माझी मुलगी, तेव्हा तिसरीत. (बागेचं नाव लिहीत नाही. बागेचा काही दोष नव्हता. म्हणजे होता! जागोजागी 'फुले तोडू नये', 'गवतावर चालू नये' अशा पाट्या लावतात, पण कोणतं झाड कशाचं, याची एक पाटी नाही! माणसाने ओळखायचं कसं?)

तासभर फिरलो. आणि एका कोपऱ्यात मला आवळी दिसली. काय झाड होतं! उंच, छत्रीसारखं पसरलेलं, झालरीसारखी बारीक बारीक पानं, खाली गार सावली. खापरखेड्याची आवळी याच्यापुढे म्हणजे कढीपत्ता. तरी मी घाई केली नाही हं. पुरावा शोधला. आणि पुरावा होता! झाडाखाली तीन आवळे पडले होते. चांगले टपोरे.

चिमीने मान वर केली. "आई, वर तर एक पण आवळा नाही."

"खाली आहेत ना? मग वरूनच पडले असतील. आवळे काय जमिनीतून येतात?"

"पण बाकीचे कुठे गेले?"

"पोरांनी तोडले. नागपूर आहे हे. चल, गाठ मारायला मदत कर."

मी घरून जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ आणला होता, तो बुंध्याभोवती बांधून पक्की गाठ मारली. झाड आमचं झालं. रात्री मी यांना सगळं सांगितलं. हे म्हणजे आमचे हे. कचेरीत कारकून, आणि बोलणं इतकं कमी की शब्दाला सरकारी परवानगी लागते की काय असं वाटावं. सगळं ऐकून म्हणाले,

"एकदा कोणाला विचारून घेतलं असतं."

"कोणाला? जाऊबाईंना पत्र टाकू?"

यावर ते जे गप्प बसले ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

रविवारी पहाटे उठून मी स्वयंपाक केला. वडाभात केला, पाटवडीचा रस्सा केला, सांबारवडी केली (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात), कढी, वांग्याची भाजी, आणि वर काटोलची संत्री. म्हटलं, जाऊबाईंना कळू दे बिनराखेचं जेवण कसं लागतं! दोन सायकलरिक्षा सांगितल्या. एकीत सासूबाई आणि चिमी, दुसरीत मी आणि कढीचं पातेलं, आणि पुढे सायकलवर सतरंजी घेऊन हे. सासूबाई खादीचं पांढरं स्वच्छ पातळ नेसून बसल्या होत्या. आमचे मामंजी, म्हणजे सासरे, स्वदेशीच्या चळवळीतले. त्यांनी ऐन जवानीत घरातलं सगळं विलायती कापड चौकात नेऊन जाळलं होतं. तेव्हापासून सासूबाईंनी अंगाला विलायती चिंधी लावली नव्हती. घरात विलायती साबण आला तरी तो गड्याकरवी बाहेर जाई. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बागेत पाहते तर जत्रा! एकेका आवळीखाली चार चार बिऱ्हाडं. कोणाचा स्टोव्ह कोणाच्या पोराजवळ, कोणाची पत्रावळ कोणाच्या मांडीवर, भांडणं तर विचारूच नका. आणि आमच्या झाडाखाली? कोणी नाही! हिरवा काठ जसाच्या तसा, सतरंजी ऐसपैस, मधोमध हे एकटे बसलेले.

"पाहिलंत आई?" मी म्हटलं. "व्यवस्था याला म्हणतात!"

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरत होता. त्यांनी कपाळावर हात धरून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "हिरवं हिरवं दिसते बाप्पा. छान आहे."

मी पातेली उतरवत होते तेवढ्यात पलीकडच्या झाडाखालच्या गर्दीतून नारिंगी पातळातल्या एक बाई आल्या. आमच्या झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत झाडाकडे पाहिलं.

"इथं काहून बसले तुम्ही?"

आता मला सांगा, याला काय म्हणायचं? आपली अडचण झाली की दुसऱ्याच्या जागेवर डोळा!

"आम्ही कालच बांधून ठेवली आहे," मी ठणकावलं. "तो काठ दिसतो ना? गाठ मारलेली आहे. एक इंच जागा मिळणार नाही."

"अवं पण बाई..."

"पण नाही आणि बिण नाही! वेळेवर यायचं होतं."

बाईंनी कंबरेवर हात ठेवले. "बरं बाप्पा, ठेवा बांधून. झाड पळून जाईन नाही तं." आणि आपल्या माणसांत जाऊन काहीतरी सांगितलं. ते सगळे हसले. मी म्हटलं, हसा! जळतात मेले.

साडेबाराला खापरखेड्याची मंडळी आली. भाऊजी पुढे, मागे जाऊबाई, खांद्याला एक लांबट कापडी पिशवी. आल्या आल्या जाऊबाईंनी झाडाकडे जे पाहिलं, ते बराच वेळ पाहिलं.

"काय म्हणता जाऊबाई? आहे की नाही सावली?"

"सावली आहे," जाऊबाई म्हणाल्या. "विमल, आवळे कुठं आहेत वं?"

"पोरांनी तोडले."

"सगळेच्या सगळे?"

"नागपूरची पोरं आहेत ती! तुमच्या खापरखेड्याची नाहीत."

"हो न," जाऊबाई म्हणाल्या, "आमची पोरं बावळीच." आणि पिशवी मांडीखाली घेऊन बसल्या.

पूजा सुरू झाली. मी आणि जाऊबाईंनी हळदकुंकू वाहिलं, सासूबाईंनी सूत गुंडाळलं, काठी टेकत टेकत सात प्रदक्षिणा घातल्या, बुंध्याला डोकं टेकलं. पलीकडून त्या नारिंगी पातळवालीचं कुटुंबच्या कुटुंब मान वळवून पाहत होतं. मी म्हटलं, पाहा, पाहा, शिका काहीतरी! मग मी पानं मांडली, वाढलं. पुरुषांनी आणि चिमीने सुरुवात केली. सासूबाई सकाळपासून उपाशी. त्यांनी वडाभाताचा घास कालवला, डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, घास उचलला, आणि टप्पकन् त्यांच्या ताटात झाडाचं पान पडलं!

"आई, पान पडलं!" मी ओरडलेच. "वर्ष सुखाचं! तीस वर्षांत खापरखेड्याला कधी पडलं होतं का?"

सासूबाईंचा चेहरा असा उजळला म्हणता! घास हातात तसाच. तोच जाऊबाईंनी वाकून ते पान उचललं. उलटं केलं, सुलटं केलं, उन्हात धरलं.

"आई, घास खाली ठेवा."

"काहून?" सासूबाईंनी विचारलं.

"ठेवा तुम्ही. हे आवळीचं पान नाही होय."

अंगाचा तिळपापड झाला माझा. "नाही कसं? बारीक आहे की नाही? हिरवं आहे की नाही?"

"बारीक तं शेवग्याचं पण असते वं."

आता भाऊजी मध्ये पडले. भाऊजी वीजघरात फिटर, त्यामुळे जगातल्या प्रत्येक विषयात त्यांना अधिकार होता. हातातली पाटवडी झाडाकडे दाखवत ते म्हणाले, "मी सांगतो. आवळीच आहे. पण नर आवळी. पपईमध्ये नाही का, नर झाड असते? फळ धरत नाही त्याले."

मला भाऊजींचा एवढा आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. "ऐकलंत?" मी म्हटलं. "नर आहे!"

पण सासूबाईंचा हात कपाळावर गेला. "अवं माय! सात प्रदक्षिणा घालायले लावल्या मले, या वयात, कोण्या नराभोवती?"

"आई, झाड आहे ते!"

"झाड असन नाही तं कोणी असन. आधी सांगायचं होतं!"

या गोंधळात बागेचा माळी आला. हातात खुरपं, डोक्याला फडकं. झाडाभोवतीचं सूत, कुंकू, माझ्या लुगड्याचा काठ सगळं त्याने नीट पाहून घेतलं.

"कायचं चालू आहे हे?"

"आवळीभोजन," मी ताठ मानेने पदर सावरत म्हटलं. "दिसत नाही?"

"आवळीभोजन दिसून राहिलं बाई," माळी म्हणाला, "आवळी नाही दिसून राहिली. हे तं निळा मोहर होय. विलायती झाड. इंग्रज साहेबानं लावलं होतं, त्याच्या मडमेले शोभा पाहिजे म्हणून."

विलायती!

त्या शब्दानंतर बागेत पोरं ओरडत होती, स्टोव्ह फुरफुरत होते, पण आमच्या सतरंजीवर असा शुकशुकाट पसरला की कढी निवल्याचा आवाज यावा. सासूबाईंनी घास ताटात ठेवला. मग सावकाश, एकेक शब्द मोजून म्हणाल्या,

"विमल. तुह्या मामंजीनं माझं लग्नातलं पातळ जाळलं होतं. बनारसचं होतं, विलायती समजून जाळलं. तरी मी बोलली नाही. आणि तू मले इंग्रजाच्या झाडाले डोकं टेकवायले लावलं?"

"पण आवळे!" मी रडकुंडीला आले. "आवळे पडले होते हो खाली! तीन! मी डोळ्यांनी पाहिले! चिमी, सांग ना!"

चिमीचं तोंड पाटवडीने भरलं होतं. तिने तीन बोटं दाखवली. आणि माझ्या नशिबाची कमाल पाहा, तेवढ्यात डोक्यावर टोपली घेऊन एक आवळेवाली आली आणि सरळ आमच्या सतरंजीपाशी थांबली.

"उठा माय, माह्या जागेवर बसले तुमी. मी रोज इथंच बसतो टोपलं घेऊन. कालचे दोन-तीन आवळे सांडले वाटते माहे, कोणाले दिसले काय?"

भाऊजींना ठसका लागला. हे (आमचे हे!) इतका वेळ खाली मान घालून जेवत होते, त्यांनी मान वर करून पहिल्यांदा तोंड उघडलं.

"म्हणूनच म्हटलं होतं, विचारून घे."

तुम्ही सांगा! भर बागेत, आवळेवाली आणि माळी यांच्यादेखत, नवऱ्याने हे बोलावं?

पण रागवायला वेळ नव्हता. सासूबाई उपाशी होत्या. घास तोंडात गेला नव्हता, म्हणजे नेम अजून मोडला नव्हता. सूर्य मावळायच्या आत खरी आवळी पाहिजे! मी त्यांचं ताट उचललं आणि निघाले. पहिल्या आवळीखाली माणसांचं वारूळ. दुसऱ्या आवळीखाली पाय ठेवायला जागा नाही, तिथे एकाच्या वरणात माझा पाय बुडता बुडता वाचला. तिसऱ्या झाडाखाली जागा होती. धावत गेले, तर माळी मागून ओरडला, "बाई, ते बाभूळ होय!"

राहिली एकच आवळी. नारिंगी पातळवाली.

एका हातात ताट, दुसऱ्या हातात सासूबाई, अशी मी त्या बाईंसमोर जाऊन उभी राहिले. आयुष्यात इतकं गोड मी माझ्या लग्नातसुद्धा हसले नव्हते.

"ताई, जरा एक इंच जागा..."

त्यांनी शांतपणे बोटावरचं श्रीखंड चाटलं. "आम्ही पण सकाळीच बांधून ठेवली हो."

"ताई, म्हातारं माणूस आहे. तीस वर्षांचा नेम आहे त्यांचा."

त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, आणि लगेच आपल्या दोन पोरांना बाजूला सरकवलं. "या आजी, बसा. घर तुमचंच आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आजीले जागा आहे. तुम्ही तुमच्या साहेबाच्या झाडाखाली बसा."

सासूबाई बसल्या. आणि त्यांनी माझं ताट बाजूला सारलं! पहाटे चारपासून रांधलेला वडाभात! कारण काय, तर त्या ताटात विलायती पान पडलं होतं. त्या बाईंनी आपल्यातलं वाढलं, सासूबाईंनी पहिला घास घेतला, वर पाहिलं आणि म्हणाल्या, "काय कढी झाली वं माय! अशी कढी कितीक वर्षांनी खाल्ली."

नेम वाचला. माझं नाक मात्र त्याच कढीत बुडालं.

पाहता पाहता जाऊबाई "आईसोबत बसतो" म्हणून तिथे सरकल्या. मग "मंडळी कुठं गेली" करत भाऊजी. मग चिमी. शेवटी, श्रीखंड आहे असं कळल्यावर, आमचे हे! पाच पातेल्यांची राखण करत मी एकटी त्या निळ्या मोहराखाली उभी. माझा वडाभात खाल्ला तो माळ्याने आणि आवळेवालीने. दोघांनी दोनदा मागून घेतला. माळी म्हणाला, "बाई, झाड नाही ओळखता येत तुमाले, पण हाताले चव आहे." त्या दिवसात माझ्याशी बरं बोललेला तो एकटाच माणूस.

संध्याकाळी बसच्या थांब्यावर जाऊबाई निघताना म्हणाल्या, "हे घे विमल, आता वाळून जाईन, चटणी कर." आणि त्या लांबट पिशवीतून त्यांनी काढली एक भलीमोठी आवळीची फांदी! पानांसकट, आवळ्यांसकट!

माझे डोळेच फिरले. झाड नसलं तर फांदी रोवून तिच्याखाली जेवलं तरी नेम होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. जाऊबाईंना माहीत होतं!

"ही होती तुमच्याजवळ? दिवसभर?"

"हो."

"म्हणजे झाड पाहताक्षणी तुम्ही ओळखलं होतं?"

"दुरूनच."

"मग का नाही काढली?"

"वा! तूच तं म्हटलं होतं, खापरखेड्याचं काही आणू नका, नागपुरात सगळं भेटते." बस आली. चढता चढता त्या वळल्या. "आई उपाशी राहिल्या असत्या तं काढली असती वं. त्याहिले जागा भेटली, मग काहून काढू? पुढच्या वर्षी तुले एक रोप पाठवून देईन आमच्या आवळीचं, लाव अंगणात."

"काही गरज नाही!" मी चालत्या बसला ऐकवलं. "माझं रोप मी आणीन!"

आणि आणलं! तेही गाफील राहून नाही. त्या दिवशीची दोन्ही पानं मी जपून पंचांगात ठेवली होती, सासूबाईंच्या ताटातलं खोटं आणि जाऊबाईंच्या फांदीचं खरं. पुन्हा फसायला नको म्हणून! पावसाळ्यात पंचांग उघडलं, तर दोन्ही वाळून कोळ झालेली, अगदी सारखी. पण मी काही दूधखुळी नाही. नीट निरखून त्यातलं एक उचललं, रोपवाल्याकडे गेले आणि म्हटलं, "अस्सं पान असलेलं रोप द्या." त्याला नाव सांगितलं नाही. कोणाला म्हणून काही विचारलं नाही!

अंगणात लावलं. खत घातलं, पाणी घातलं, शेजाऱ्यांच्या बकऱ्यांशी भांडले. दरवर्षी कार्तिकात आम्ही खापरखेड्याला जायचो, आणि मी राख फुंकत फुंकत सगळ्यांना सांगायचे, "दोन-चार वर्षं थांबा. मग आईंचं आवळीभोजन आमच्या अंगणात." भाऊजी अधूनमधून येऊन झाड पाहून जात आणि म्हणत, "आवळीले वेळ लागते. धीर धरा." जाऊबाई काहीच म्हणत नसत. नुसत्या वर पाहत आणि चहा पीत.

आठव्या वर्षी झाडाला बहर आला. ऐन चैत्रात, सकाळी अंगणात सडा टाकायला गेले तर सगळं अंगण फुलांनी भरलेलं.

निळ्या.

सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन तोवर झालं होतं. स्वच्छ दिसत होतं त्यांना, दुर्दैवाने. काठी टेकत त्या दारात आल्या, खाली पाहिलं, वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मी सड्याची बादली धरून उभी. वाटलं, आता मामंजी निघणार, बनारसचं पातळ निघणार. पण त्यांनी एक फूल उचललं, झटकलं, आणि शांतपणे म्हणाल्या,

"विमल, यंदा कार्तिकात खापरखेड्याची सकाळची बस पकडू. लवकर पोचलो म्हणजे राख कमी पडते."

मी बादली खाली ठेवली, आत गेले आणि जाऊबाईंना पत्र लिहायला घेतलं. झाडाबद्दल अक्षर लिहिलं नाही. एवढंच लिहिलं, की यंदा येताना कढी मी घेऊन येते, आवळी तेवढी तुम्हीच ओळखून ठेवा.